सोलापूर-मंगळवेढा-पंढरपूर पायी: फोड फुटायच्या आधी ग्रुप फुटतो, तो कसा सांभाळायचा

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणं आमच्याकडं काही नवीन नाही. रूपाभवानीचं दर्शन घ्यायचं आणि चालायला लागायचं, ४५ किलोमीटरच्या आसपास अंतर, रस्त्यावर माणसांचा पूर, जागोजागी चहा, केळी, खिचडी, कुणीतरी पायाला मलमसुद्धा लावून देतं. त्यामुळं आम्हाला वाटलं आपण पाच जण आरामात जाऊ. मी, माझी ताई, दाजी, एक मास्तर आणि एक पावरलूमवाला दोस्त. तामलवाडीपर्यंत, म्हणजे साधारण निम्म्यावर येईपर्यंत, लूमवाला दोन किलोमीटर पुढं, मास्तर कुठं आहेत पत्ता नाही, ताई चिडलेली, आणि दाजी डांबरावर टाच न टेकवता चालतायत आणि विचारलं की "काय नाही ओ, बूट जरा नवा आहे". सकाळी तुळजापुरात पाच जण चार वेगवेगळ्या वेळेला पोचलो आणि परत येताना एसटीत एकमेकांशी धड बोललो नाही.

दाजींच्या टाचेला रुपयाएवढा फोड होता, तो उळ्याच्या आसपासच सुरू झाला होता. सांगितलं का नाही? मेव्हण्यासमोर कसं सांगायचं म्हणून! जावई माणूस, सासरच्या लोकांपुढं पाय दुखतोय म्हणायचं म्हणजे काय.

त्यानंतर वर्षभरानं, हिवाळ्यात, त्याच पाच जणांनी सोलापूर-तिऱ्हे-कामती-बेगमपूर-माचणूर-मंगळवेढा-पंढरपूर असे साधारण ८० किलोमीटर एका दमात केले, शनिवारी दुपारी ३ ला निघून रविवारी दुपारी ४ ला पोचलो, पाचही एकत्र. पाय तेच होते आमचे, फार काही फिट झालो नव्हतो. फरक घरी बसून ठरवलेल्या गोष्टींनी पडला, तेच खाली सविस्तर लिहितोय. पहिल्यांदाच करणार असाल तर एका दमात करू नका, माचणूरला मुक्काम धरून दोन दिवसात करा.

आधी एक भांडण घरीच उरकून घ्या

प्रत्येकाला विचारा, तू का येतोयस. आमच्यात ताईचा नवस होता, लूमवाल्याला टायमिंग पाहिजे होतं, मास्तरांना वाटेतली देवळं बघायची होती, दाजींना वजन कमी करायचं होतं आणि मला फक्त "केलं" असं म्हणायचं होतं. ही पाच कारणं एका रस्त्यावर चालूच शकत नाहीत, एकाला पळायचंय आणि एकाला माचणूरच्या सिद्धेश्वराच्या देवळात अर्धा तास बसायचंय. म्हणून एकच प्रश्न सोडवा: सगळ्यांनी मिळून पोचायचं का ज्यानं त्यानं आपापलं? दोन्ही बरोबर आहे, पण निम्म्या लोकांच्या डोक्यात एक आणि निम्म्यांच्या डोक्यात दुसरं असेल तर मध्यरात्री भांडण ठरलेलं.

ऑक्सफॅमचा ट्रेलवॉकर म्हणून एक प्रकार आहे, हाँगकाँगमध्ये १९८१ ला गुरखा सैनिकांचा सराव म्हणून सुरू झाला, चार जणांची टीम, १०० किलोमीटर, ४८ तासांच्या आत. त्यात टीमनं एकत्रच चालायचं असतं. चार हा आकडा मला लै पटतो. एकाचा पाय गेला तर एक त्याच्याजवळ बसतो, दोघं मदत आणायला जातात, कुणीच एकटं पडत नाही. तिघं असतील तर ओढाताण होते, सातच्या पुढं गेलं की दोन गट आपोआप पडतात. चार ते सहा ठेवा.

आणि सोबत घेताना माणूस किती पळतो ते बघू नका, तीन तास गप्प चालता येतं का त्याच्याबरोबर ते बघा. सारखं बोलणारा माणूस पहिले १० किलोमीटर लै भारी वाटतो, चाळीसाव्याला नको होतो.

सराव, पण एकत्र

दोन-अडीच महिने हातात ठेवा. आठवड्यात तीन-चार दिवस तासभर चालणं ज्याचं त्यानं करावं, पण रविवारचं लांब चालणं सगळ्यांनी मिळून. आमची चढण अशी होती: आधी हिप्परगा तलाव जाऊन येऊन, १५ च्या आसपास, मग २०, २५, मग एक रविवार हलका, मग ३०, आणि शेवटचं सोलापूर ते अक्कलकोट, ४० च्या आसपास, येताना एसटी. हे शेवटचं जायच्या तीन आठवडे आधी करा, त्यानंतर कमी कमी करत जा. शेवटच्या आठवड्यात उगं जोर काढू नका.

सरावात पायांपेक्षा महत्त्वाचं काय कळतं सांगू का, कोण थकल्यावर कसा वागतो ते. आम्ही चक्क वहीत लिहिलं. लूमवाला थकला की मराठी सोडून तेलुगूत बडबडायला लागतो, घरची भाषा ना. ताई ऑर्डरी सोडायला लागते. दाजी अति विनोद करतात, एका मागोमाग एक. मास्तर नेहमी वाटेतला इतिहास सांगत असतात, माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ कशी होती वगैरे, ते गप्प झाले की समजायचं साखर संपली. आणि मी, हे मला पटायला वेळ लागला, मी थकलो की जोरात चालायला लागतो, पुढं निघून जातो, कुणाशी बोलावं लागू नये म्हणून. ही यादी सगळ्यांनी एकमेकांची करायची, स्वतःची स्वतः करायची नाही, स्वतःचं कुणाला दिसत नाही.

वेगाचा हिशोब

सपाट रस्त्याला ताजा माणूस तासाला ५ किलोमीटर चालतो, पण त्यावर प्लॅन केला की फसलात. थांबे, चहा, टेप लावणं, लघवी सगळं धरून तासाला ४ धरा, रात्री आणि ५० च्या पुढं ३. आम्हाला ८० ला २५ तास लागले म्हणजे सव्वातीनच पडला.

५० मिनिटं चालायचं, १० मिनिटं थांबायचं, हे बऱ्याच जणांना माहिती असतं. पण त्यात एक बारीक अन्याय होतो तो बघा. पुढचे दोघं आधी पोचतात, बसतात, मागचा आठ मिनिटांनी येतो, तो टेकतोय तोवर पुढचे उठतात, "चला निघू". म्हणजे ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त पाहिजे त्यालाच दोन मिनिटं! तुळजापूरला मास्तरांचं हेच झालं, रात्रभर ते बसलेच नाहीत आणि आम्ही वर म्हणतोय मास्तर स्लो आहेत. नियम असा करा: शेवटचा माणूस बसला की मग घड्याळ सुरू. पुढच्यांना १८ मिनिटं मिळाली तर मिळू दे.

सगळ्यात हळू चालणारा पुढून दुसऱ्या नंबरला ठेवा. अगदी पुढं ठेवला तर त्याला मागून ढकलल्यासारखं वाटतं, शेवटी ठेवला तर तो तुटतो. सगळ्यात दमदार माणूस शेवटी, त्याला आम्ही शेपूट म्हणतो, त्याच्या मागं कुणी राहायचं नाही. लूमवाल्याला शेपूट केल्यावर त्याचा टायमिंगचा किडा आपोआप गेला, कारण त्याच्या हातात वेगच राहिला नाही.

दिंडीत बघा कसं असतं. पताकावाले पुढं, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, तुळशीवाल्या बाया, प्रत्येकाची जागा ठरलेली, विसावा कुठं घ्यायचा ते ठरलेलं, चोपदारानं चोप उचलला की सगळे गप्प. सामानाचा ट्रक वेगळा, ज्याला होत नाही तो ट्रकमध्ये बसतो आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही.

कामं वाटून घ्या: एक पाण्याचं बघणार, एक पायांचं, एक पैसे आणि फोनच्या चार्जिंगचं. आणि निर्णय घेणारा माणूस दर टप्प्याला बदला. तिऱ्ह्यापर्यंत मास्तर, कामतीपर्यंत ताई असं. सलग एकच जण ठरवत राहिला की त्याचं डोकं चालेनासं होतं आणि बाकीच्यांना त्याचा राग यायला लागतो.

"ठीक आहे" वर बंदी

हा आमचा सगळ्यात कामाला आलेला नियम. थांबल्यावर "कसं आहे" विचारलं की सगळे म्हणतात ठीक आहे. म्हणून तो शब्दच बंद केला. प्रत्येकानं तीन आकडे सांगायचे, पाय, पोट, डोकं, शून्य ते दहा, दहा म्हणजे एकदम मस्त. "सात, आठ, चार" एवढंच. चर्चा नाही, सल्ला नाही. एखादा आकडा मागच्या थांब्यापेक्षा दोननं उतरला तरच बघायचं काय झालं.

यात एक गोम आहे. आकडे सांगायला सुरुवात सगळ्यात दमदार माणसानं करायची. लूमवाला आधी म्हणाला "पाय पाच, टाच जळतीय", मग दाजींना म्हणायला काही वाटलं नाही, "माझा पण चार". तोच जर "दहा दहा दहा" म्हणाला असता तर दाजी परत बूट नवा आहे म्हणाले असते. अशा वेळी मी पण "दाजी, एवढ्यात?" असलं काही बोललो नाही, "दाजी, बसा, बघू पाय" एवढंच. चेष्टा पंढरपुरात गेल्यावर.

बॅगचं पण तसंच आहे. "दे तुझी बॅग" म्हटलं की माणूस देत नाही. म्हणून आम्ही वीस किलोमीटरनंतर दर थांब्याला सगळ्याच बॅगा फिरवल्या, ज्याची हलकी झाली ती थकलेल्याकडं, कुणाची कुणाकडं जातीय यावर लक्षच राहिलं नाही.

"किती राहिलं" हा प्रश्न पण एकालाच विचारायची परवानगी, मॅप त्याच्याकडं. आणि गावातल्या माणसाला अंतर विचारू नका, आपल्याकडं सगळं "हितंच की, हे काय" असतं, कामतीच्या पुढं एका आजोबांचं "हितंच" सात किलोमीटर निघालं.

पाय

बूट अर्धा नंबर मोठा, आणि किमान १०० किलोमीटर चाललेला, कारण चालून चालून पाय सुजतो. नखं दोन-तीन दिवस आधी काढा, आदल्या रात्री नको. मोजे सुती नको, घाम धरून ठेवतात, स्पोर्टचे घ्या, दोन जोड जास्तीचे, अर्ध्या वाटेत पाय कोरडे करून बदला. मांड्यांत, काखेत, बॅगच्या पट्ट्याखाली व्हॅसलिन निघतानाच लावा, सोलल्यावर लावून उपयोग नसतो.

फोड अचानक येत नाही, आधी जागा गरम लागते, चटका बसल्यासारखी. त्या वेळी ५ मिनिटं थांबून कागदी टेप लावला की बऱ्याचदा काम भागतं, पुढच्या थांब्यापर्यंत ढकललं तर पुढं दोन तास जातात. म्हणून नियम: गरम लागलं की लगेच ओरडायचं, सगळ्यांनी थांबायचं, थांबवल्याबद्दल सॉरी म्हणायचं नाही.

फोड आलाच आणि छोटा असेल तर झाकून सोडा. मोठा ताणलेला असेल तर अँटिसेप्टिकनं पुसून निर्जंतुक सुईनं कडेला टोचा, पाणी दाबून काढा, वरची कातडी अजिबात काढू नका, ड्रेसिंग करून टेप. वारीत सुईनं दोरा ओवून आत ठेवतात, मी पण आधी करायचो, पण दोरा आत ठेवणं म्हणजे जंतूंना वाट करून देणं. डायबेटिस असेल तर घरी प्रयोग नाही, डॉक्टरच.

पाणी, भाकरी आणि भांडण

या तिघांचा एकमेकांशी संबंध आहे. पहाटे २ ते ५ शरीराचं घड्याळच खाली असतं, तापमान उतरलेलं, झोप दाटलेली, आणि त्यात पोट रिकामं. बेगमपूरजवळ भीमेच्या पुलाच्या अलीकडं रात्री अडीचला ताई आणि लूमवाल्याचं कडाक्याचं भांडण झालं, कशावरून तर टॉर्च कुणाकडं द्यायचा. "काय बे, मला काय शिकवतो" इथपर्यंत गेलं. मास्तर शांतपणे म्हणाले, आधी खा, मग भांडा. कडक भाकरी, शेंगाची चटणी, गूळ, दहा मिनिटं. खाऊन झाल्यावर कुणालाच भांडण आठवेना, टॉर्च दाजींकडं गेला. तेव्हापासून तोच नियम आहे, १५ मिनिटं आणि काहीतरी पोटात गेल्याशिवाय भांडायचं नाही.

आपली कडक भाकरी यासाठी बाजारातल्या कुठल्याही एनर्जी बारपेक्षा भारी आहे, वजनाला हलकी, खराब होत नाही, चटणीनं मीठ पण जातं. फक्त कोरड्या तोंडानं खाल्ली तर घशात अडकते, ताकात बुडवा. जेवण एकदाच दाबून नको, दर तासाला थोडं: केळं, चिक्की, गूळ-शेंगदाणे, खजूर. भूक नाही म्हणणाऱ्याला आधी द्या.

पाणी तासाला अर्धा लिटरच्या आसपास, ऊन असेल तर जास्त, लघवी फिकट पिवळी राहिली पाहिजे. पण नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, माणूस गोंधळल्यासारखा करतो, आणि बाकीचे म्हणतात पाणी कमी पडलं अजून पाज. ते चुकीचं. मधेमधे ओआरएस घ्या, पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात चहाच्या छोट्या चमच्यानं सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या चालताना खाऊ नका, पाणी कमी असताना किडनीवर ताण येतो. लागलीच तर पॅरासिटामॉल, आणि ती पण पायवाल्याला सांगून, लपून नाही.

रस्ता

नोव्हेंबर शेवट ते फेब्रुवारी सुरुवात हाच सीझन, आपल्या उन्हाळ्यात ४० च्या वर पारा असताना असले उद्योग करू नका. पण त्याच दिवसात उसाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, स्पीकर फुल, उसाचे शेंडे रस्त्यावर आलेले. उजव्या बाजूनं, समोरून गाडी दिसेल असं चाला, रात्री एकामागं एक, चमकणारी जॅकेटं सगळ्यांना, शेपटीकडं लाल ब्लिंकर. पुलावर तर बोलणं पण बंद. कानात इअरफोन असेल तर एकाच कानात.

बायका सोबत असतील तर स्वच्छ टॉयलेट असलेले पेट्रोल पंप, हॉटेलं आधी गाडीवर फिरून बघून ठेवा. लघवीला जायला नको म्हणून पाणीच न पिणं हे ताईनं तुळजापूरला केलं होतं आणि तिची चिडचिड त्याचीच होती, आम्हाला कुणाला कळलंच नाही.

थांबायचं कधी

हे रस्त्यावर ठरवायचं नाही, घरी लिहून ठेवायचं, कारण साठाव्या किलोमीटरला सगळेच मूर्ख असतात. आमच्या कागदावर होतं: बोलणं असंबद्ध झालं किंवा झोकांड्या जायला लागल्या, छातीत दुखलं, उलट्यांमुळं पाणी टिकेना, लघवी कोकसारखी काळपट झाली, किंवा पाय टेकवताच येईना, तर त्या माणसाचं चालणं संपलं, मत विचारायचं नाही. अंग तापलेलं आणि माणूस भ्रमिष्ट असेल तर आधी सावलीत घेऊन पाणी ओतून, वारा घालून गार करा आणि लगेच १०८ ला फोन. एक जण त्याच्यासोबत गाडीत जाणार, तो कोण हे पण आधीच ठरलेलं. बाकीचे पुढं जाणार की नाही हेसुद्धा लिहा, नाहीतर त्रास होणारा माणूस "माझ्यामुळं सगळ्यांचं जाईल" या भीतीनं खोटे आकडे सांगत राहतो. आमच्यात ठरलं होतं, एक गेला तर बाकीचे जाणार, दोन गेले तर सगळे परत. एक ओळखीचा गाडीवाला रात्रभर फोनवर तयार ठेवला होता.

मंगळवेढ्याच्या पुढं २५ किलोमीटर राहतात आणि तो पट्टा सगळ्यात वाईट, सकाळचं ऊन चढतंय, दोन्ही बाजूला ज्वारी, रस्ता सरळसोट, काही संपत नाही. तिथं दर थांबा ३० मिनिटांवर आणा आणि बोलायला एखादा बिनकामाचा विषय ठेवा. आम्ही दीड तास फक्त सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत लहानपणी काय काय हरवलं यावर घालवला.

पोचल्यावर

चंद्रभागेत पाय सोडायचा मोह होतो, पण फोड फुटलेले असतील तर नको, आधी स्वच्छ पाण्यानं धुवा, ड्रेसिंग करा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. लगेच आडवे होऊ नका, दहा मिनिटं हळू फिरा, खारट-गोड काहीतरी घ्या. घरी गाडी चालवत जायचं नाही, झोप लागते. एसटीची खिडकी पकडा. दोन-तीन दिवस जिना उतरताना उलटं उतरलं की बरं पडतं, शेजारी हसतात, हसू द्या.

राहिलेला हिशोब, पैशाचा आणि कोण कुणाला काय बोललं त्याचा, त्याच रात्री करू नका. आम्ही पंधरा दिवसांनी मास्तरांच्या शेतात हुरड्याला बसलो तेव्हा केला. वही काढली, प्रत्येकाचे आकडे वाचले. बेगमपूरच्या थांब्याला माझ्या नावापुढं लिहिलं होतं पाय आठ, पोट सात, डोकं नऊ, आणि खाली ताईच्या अक्षरात: "खोटं. तीनशे मीटर पुढं चालतोय."